पांडवांच्या चुन्यानं आखलेलं मैदान

सकाळी तुळजापूर रस्त्यानं फिरायला गेलो, तर दोन्ही अंगाला ज्वारी कमरेइतकी झालेली. पानांवर दव होतं आणि गार वाऱ्याबरोबर हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. इथं राहून इतकी वर्षं झाली, तरी हा वास आला की मला गलबलून येतं. कुणाला परीक्षेचे दिवस आठवतात, कुणाला लग्नसराई. मला मार्गशीर्षातली अमावस्या आठवते, वेडावाकडा उसळणारा एक चेंडू आठवतो, आणि जगातलं सगळं शहाणपण आपल्याच वाट्याला आलंय अशा थाटात भाषण ठोकणारा पंचेचाळिशीचा मी आठवतो. त्या माणसाचे कान धरावेसे वाटतात.

घरी आलो तोवर अप्पांचा फोन येऊन गेला होता. अप्पा म्हणजे महालिंग अप्पा. धाराशिवपासून आठ-दहा किलोमीटरवर त्यांचं रान आहे. सत्तरी ओलांडली, तरी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि अंगात पैलवानी ताठा तसाच आहे. मी उलटा फोन लावला. नमस्कार-चमत्कार करण्यात अप्पांना रस नसतो.

"सर, औंदा माणसं किती धरू?"

संध्याकाळपर्यंत सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. दरवर्षी हा प्रश्न ते याच दिवसांत विचारतात आणि दरवर्षी मी तिथल्या तिथं आकडा सांगतो. यंदा जीभ उचलली नाही. अप्पांना माणसं मोजायची असतात ती जेवायला. कुठला संघ कुणाच्या रानात जेवणार, कुणाच्या घरी उतरणार, हे गावात आधी वाटून घ्यावं लागतं. आणि संघ येणार की नाही, हेच आज ठरायचं आहे.

आमच्या विद्यापीठाची मुलींची आंतरमहाविद्यालयीन रग्बी अजिंक्यपद स्पर्धा चौदा वर्षं धाराशिवला होते. आज संभाजीनगरात समितीची बैठक आहे. तिथं ठराव आलाय की यापुढं स्पर्धा कायमची शहरात न्यावी. तिथं हिरवं टर्फ आहे, कपडे बदलायच्या खोल्या आहेत, दिवे आहेत. आमच्याकडं काळी माती आहे. बैठकीला सुवर्णा गेली आहे. सुवर्णा ही अप्पांची लेक. एकेकाळी माझी विद्यार्थिनी होती, आता मी निवृत्त झाल्यावर कॉलेजात माझ्याच खुर्चीवर क्रीडा शिक्षक म्हणून बसते. काल जाताना ती म्हणाली की यंदाच्या बारा मुलींपैकी सात जणींच्या घरून शहरात पाठवायला नकार आहे. स्पर्धा गेली, तर या सात जणींचा खेळ बंद. मला हा हिशेब नवा नाही. चौदा वर्षांपूर्वी मी तो घरोघरी जाऊन ऐकला होता, आणि पहिलं घर सुवर्णाचंच होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. बदली होऊन इथं आलो तेव्हा महिनाभर तोंड पाडून होतो. डोंगर नाहीत, नदी नाही, पाऊस विचारूच नका. मैदानावर गेलो तर पंधरा-वीस मुली खो-खो खेळत होत्या, आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. काय पळत होत्या त्या! इथल्या मातीत खो-खो आहे, हे ऐकून होतो. पण खांबाला वळसा घालताना अंग जमिनीला टेकेल इतकं झुकवायचं आणि तरी वेग सोडायचा नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझं तोंड पाडणं थांबलं. त्यात सगळ्यांत उंच, सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत वेगानं सुटणारी पोरगी होती सुवर्णा.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी पुण्याला रग्बीचं एक शिबिर करून आलो होतो. दोन लांबुळके चेंडू बरोबर होते. मैदानाचे शिपाई गफूरभाई यांनी ते पाहिले आणि कपाटात दबून चपटे झालेत असं समजून दोन्ही चेंडू पंपानं इतके फुगवले, की दगडासारखे टणक झाले. मग मी सगळ्यांना बसवून खेळ समजावला. प्रत्येक बाजूला सात जणी. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवायचा. चेंडू पुढं फेकायचा नाही, मागच्या गड्याकडंच द्यायचा. चेंडूवालीला कमरेखाली धरून पाडायचं.

मागं चेंडू देणं शिकवायला मला शिबिरात चार दिवस लागले होते. या मुलींना चार मिनिटं लागली नाहीत. खो मागूनच द्यायचा असतो, त्यात काय. चेंडू हातातून सुटताना त्या तोंडानं "खो" म्हणायच्या, आजही म्हणतात. बाहेरचे संघ सुरुवातीला दचकायचे. मीही ती सवय मोडायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. उलट तो शब्द आला की मागची मुलगी आपोआप धावत असायची.

अडचण घरच्यांची होती. अप्पांकडं गेलो तेव्हा ते गोठ्यात होते. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "खेळू द्या तिला. पर माझ्या डोळ्यापुढं. भाईरगावी न्हाय धाडनार." आवाजात राग नव्हता. कुंपण कुठं घालायचं, ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणखी चार घरांत हेच वाक्य थोड्याफार फरकानं ऐकलं. परत येताना माझ्या डोक्यात आलं, मुली स्पर्धेला जाऊ शकत नसतील तर स्पर्धाच मुलींकडं आणू.

विद्यापीठाला मुलींची रग्बी कुणाच्या तरी गळ्यात घालायचीच होती, त्यामुळं ती मला मिळाली. पण अट होती. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत चार संघ प्रत्यक्ष मैदानात उतरले पाहिजेत. एक जरी कमी पडला तर अजिंक्यपद रद्द, आणि पुढच्या वर्षापासून स्पर्धा शहरात. बीड, जालना आणि संभाजीनगरचे संघ तयार झाले. चौथे आम्ही. आपला संघ तर हातातलाच, असं म्हणत मी तारीख ठरवली.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. कॅलेंडर पाहिलं. एका दिवशी कॉलेजला स्थानिक सुट्टी दिसली. म्हटलं, वा, मैदान मोकळं मिळेल. सुट्टी कशाची आहे, हे बघायची तसदी मी घेतली नाही. तारीख फळ्यावर लिहिली तसं सुवर्णा ऑफिसात आली आणि खाली मान घालून म्हणाली, "सर, त्या दिवशी आवस हाय." अमावस्या. माझ्या डोक्यात वीज चमकली. मी सगळ्या मुलींना बोलावून घेतलं आणि अंधश्रद्धेवर वीस मिनिटं बोललो. चंद्र काय, पृथ्वी काय, शिकलेल्या मुलींनी अमावस्येला भ्यावं काय. मुली गप्प ऐकत होत्या. सरांना येळवस माहीत नसेल, ही शक्यताच त्यांच्या मनात आली नाही. सरांचा येळवशीलाच विरोध आहे असं त्यांना वाटलं, आणि इतक्या मोठ्या विरोधाला काय उत्तर द्यायचं ते त्यांना कळेना.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण साताऱ्याला मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे वेळा अमावस्या, इथल्या बोलीत येळवस, आणि ती धाराशिव-लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी असते. ती अशुभबिशुभ काही नसते. त्या दिवशी गावं मोकळी होतात आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून बसवतात, त्यांची पूजा करतात आणि मग जेवतात. जेवण एकट्यानं करायचं नसतं. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही, ओळख असो नसो, हाताला धरून बसवायचं असतं. जेवू घातल्याशिवाय वाटसरूला सोडलं, तर रानाचा अपमान.

तर त्या सकाळी मी मैदानावर उभा होतो. तीन गाड्यांतून तीन संघ उतरले होते. पहाटे निघालेल्या मुली भुकेल्या होत्या. मेसला कुलूप. स्टँडसमोरची हॉटेलं बंद. चहाची टपरीसुद्धा उघडी नाही. आमच्या संघातल्या फक्त दोघी आल्या होत्या, हॉस्टेलवरच्या, बाहेरच्या तालुक्यातल्या. विद्यापीठाचे निरीक्षक, एक उंच आणि कडक गृहस्थ, काखेत फाईल धरून मला विचारत होते की यजमान संघ कुठं आहे. एवढ्यात सायकलवरून गफूरभाई आले, डोक्याला मफलर बांधून, हातात डबा घेऊन. तेही मित्राच्या रानाकडं निघाले होते. माझी अवस्था बघून सायकलवरून उतरले.

"सर, आज गावात कुनी सापडनार न्हाई. हिंदू न्हाई, मुसलमान न्हाई. सगळे रानात. तुमाला कुनी बोल्लंच न्हाई?"

सुवर्णा बोलली होती. मीच पुढं बोलू दिलं नव्हतं. ते गफूरभाईंना सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून पुरती गेलेली नाही.

पुढचं सगळं गफूरभाईंनी हातात घेतलं. तीन गाड्या, पुढच्या गाडीच्या टपावर त्यांची सायकल, आणि आम्ही तुळजापूर रस्त्याला लागलो. बेत साधा होता. सुवर्णा आणि बाकीच्या चौघी आसपासच्याच रानांत असणार. त्यांना उचलायचं आणि दुपारपर्यंत मैदानावर परतायचं. पण येळवशीला रानात पाय ठेवून जेवल्याशिवाय बाहेर पडून दाखवावं कुणीतरी. पहिल्याच बांधावर एका बाईंनी गाडीतल्या पोरी पाहिल्या आणि दार उघडून एकेकीला खाली घेतलं. आम्हाला घाई आहे, हे मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्यांनी मान हलवली आणि पत्रावळी मांडल्या. आमची एक मुलगी मिळाली, एक तास गेला. दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्या रानात निरीक्षक स्वतःच म्हणाले की थोडी भज्जी घ्यायला हरकत नाही. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. वाल, वाटाणा, तूर, हरभरा, मेथी, पात, गाजर, चिंच, जे रानात येतं ते सगळं एका पातेल्यात घालून शिजवलेली भाजी. सोबत ज्वारीची भाकरी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. आणि मडक्यातली आंबील.

आंबिलीबद्दल मला कुणीतरी सावध करायला हवं होतं. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली ती गार, पांढरी आंबील घशाखाली उतरताना फार गोड वाटते, आणि अर्ध्या तासानं डोळ्यांवर झापड येते. अप्पांच्या रानात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. पाचव्या वाटीनंतर निरीक्षक बोरीच्या सावलीत फाईल उशाला घेऊन आडवे झाले. बीडच्या मुली कडब्याच्या गंजीला टेकून झोपल्या. जालन्याची कप्तान शीतल, खांद्यानं रुंद आणि बोलायला चुरचुरीत, सुवर्णाच्या आईच्या मांडीला टेकून बसली होती आणि बसल्या बसल्या पेंगत होती. सुवर्णाची आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मला रडू यायचं बाकी होतं. साडेतीन वाजले होते. गावात परत जाऊन, मैदान आखून, कपडे बदलून खेळ सुरू करेपर्यंत दिवस मावळणार, हे स्पष्ट होतं.

सुवर्णा माझ्यापाशी आली. आम्ही रानात आल्यापासून ती माझ्याकडं बघतही नव्हती. हळूच म्हणाली की विहिरीच्या वरचं दोन एकर रान उन्हाळी भुईमुगासाठी पाळी घालून, कुळवून ठेवलंय. माती मऊ आहे. इथंच खेळलो तर?

मी अप्पांकडं पाहिलं. शेतकऱ्याच्या पाळी घातलेल्या रानात चाळीस-पन्नास पोरी धुडगूस घालणार, हे विचारायचं तरी कसं. अप्पांनी मूठभर माती उचलली, चुरली आणि खाली सोडली. म्हणाले, "ही आखाड्याची माती हाय, सर. पडली तर लागायची न्हाय कुनाला." अप्पा तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या मारायचे, हे मला त्या क्षणी कळलं.

रेषा कशानं आखायच्या? आमच्या मुली पाच रानांत पळाल्या आणि पांडव रंगवून उरलेला चुना गोळा करून आल्या. कुठं वाटीभर, कुठं तांब्याभर. तो दोन्ही टोकांच्या रेघांपुरताच झाला. बाजूंना कडब्याच्या पेंढ्या आडव्या टाकल्या. मग निरीक्षकांना उठवलं. ते डोळे चोळत उभे राहिले, काळ्या रानात ओढलेल्या त्या दोन पांढऱ्या रेघा बघितल्या, फाईल उघडली, बराच वेळ वाचली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी ते म्हणाले की नियमात मैदानाची लांबी-रुंदी लिहिली आहे, मैदान कुणाचं असावं ते लिहिलेलं नाही. आणि स्वतःच्या पावलांनी लांबी मोजायला निघाले. पावलं जरा आखूडच टाकत होते. मी बघितलं आणि तोंड फिरवलं.

पहिला सामना बीड आणि संभाजीनगरचा. तो अर्धा झोपेतच झाला. दुसरा आमचा, जालन्याशी. आजूबाजूच्या रानांतली माणसं बांधांवर येऊन बसली होती. सुरुवातीलाच शीतल चेंडू घेऊन सुटली. सुवर्णा वाऱ्यासारखी मागून आली, तिच्या पाठीवर हात टेकवला आणि थांबली. जागेवर उभी, हात वर. शीतल तशीच पुढं गेली आणि रेघेपलीकडं चेंडू टेकवला. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. खो-खोत हात लागला की गडी बाद. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली ती सवय सुवर्णाच्या हातातून जाईना. सराव करताना आपापसांतच खेळत होतो, हात लागला की समोरचीही थांबायची, म्हणून ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही. आमच्या सातही जणी हात लावत होत्या, थांबत होत्या आणि पंचांकडं बघत होत्या.

मध्यंतर झालं. मी सांगायला पुढं झालो, तर अप्पा माझ्याआधी मैदानात. कासोटा खोचलेला, पायात काही नाही. हा तोच माणूस, ज्यानं मला गोठ्यात कुंपण आखून दिलं होतं. लेकीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता तिला घेऊन जातात.

"अगं, हात काय लावतीस पावन्याला लावल्यावानी? पट काढ की."

आणि त्यांनी बांधावरच्या आपल्या पुतण्याला बोलावून पट काढून दाखवला. डोकं बाजूला, खांदा मांडीला, दोन्ही हातांनी पाय कवळायचे आणि पुढं रेटायचं. पुतण्या मऊ मातीत आडवा झाला. शिबिरात आम्हाला हेच शिकवलं होतं, तीन दिवस, आकृत्या काढून. अप्पांना दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या डावात शीतल पुन्हा सुटली. सुवर्णानं तिला गाठलं, हात पाठीकडं जाता जाता थबकला, आणि मग ती खाली झुकली. खो-खोतल्या खांबाला वळसा घालताना झुकायची तशीच. दोघी धप्पकन मातीत. चेंडू सुटला, आमच्या दुसरीनं उचलला, "खो" असा आवाज उठला आणि चेंडू मागून मागून जात पार त्या टोकाच्या चुन्याच्या रेघेपलीकडं टेकला. बांधावरचे लोक उभे राहिले. काय झालं ते त्यातल्या निम्म्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं झालं एवढं समजलं होतं. मी ओरडलो की रडलो, मला आठवत नाही. सुवर्णा उठली तेव्हा तिच्या कपाळाला, गालांना, दातांना माती लागलेली होती आणि ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

आम्ही तो सामना हरलो. स्पर्धेतही शेवटचे आलो, म्हणजे चारांत चौथे. पण दिवस मावळायच्या आत चार संघ मैदानात उतरले होते, आणि निरीक्षकांनी कडब्याच्या पेंढीवर बसून सही केली. मग आमच्याकडची शेवटची रीत झाली. सांजेला कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फेरी मारायची असते. ती घरातल्या कर्त्या माणसानं मारायची. अप्पांनी पेंढी पेटवली आणि सुवर्णाच्या हातात दिली. ती पळत सुटली. तिच्यामागं शीतल, मग जालन्याच्या, बीडच्या, सगळ्याच. हिरव्या ज्वारीच्या कडेनं तो जाळ आणि त्यामागची पोरींची रांग बघत मी उभा होतो. आयुष्यात इतकं बरं मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

सुवर्णाला पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघातून परराज्यात जायचं होतं, तेव्हा मी भीत भीत अप्पांकडं गेलो. ते म्हणाले, "जाऊ द्या. पट नीट काढती आता." या एवढ्या वाक्यानं कुंपण निघालं. सगळ्यांच्या घरचं कुंपण असं निघत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून तर स्पर्धा इथं लागते.

त्या चुकीतून आमच्या स्पर्धेची रीतच पडून गेली. दरवर्षी संघ येळवशीला येतात. त्या दिवशी रानोरानी जेवतात आणि पहिला सामना अप्पांच्या भुईमुगाच्या रानात होतो, पांडवांच्या उरलेल्या चुन्यानं आखलेल्या मैदानावर. दुसऱ्या दिवसापासून गावातलं मैदान. संघ लॉजवर उतरत नाहीत, गावातल्या घरांत उतरतात. पाडण्याला इथं सगळे पट म्हणतात, पंचसुद्धा. चार संघांचे सहा झाले. गफूरभाई आता नाहीत, पण पहिल्या सामन्याचा चेंडू अजूनही त्यांचा मुलगाच फुगवतो, आणि तोही जरा जास्तच फुगवतो.

हे सगळं लिहीत बसलो ते खरं तर फोनकडं लक्ष जाऊ नये म्हणून. दुपारी बायकोनं दोनदा विचारलं, जेवताय ना. चार वाजले, पाच वाजले. टर्फ चांगलंच असतं, हे मला कबूल आहे. आमच्या मुलींनाही टर्फ मिळावं. पण त्यावर खेळायला मुली घराबाहेर पडल्या पाहिजेत, हे ठराव लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. नाहीतर चौदा वर्षांची रीत एका सहीनं जाणार होती.

साडेपाचला सुवर्णाचा फोन आला. तिचा आवाज ऐकून काही समजेना, कारण ती आनंदातही तशीच बोलते. म्हणाली, ठरावावर बोलायला आधी कुणी उठलं नाही. तिनं आमच्या सात मुलींचं सांगितलं, तर समितीतले एक जण म्हणाले की एका कॉलेजासाठी स्पर्धा अडकवून ठेवता येत नाही. मग जालन्याच्या क्रीडा शिक्षिका उठल्या. शीतल मॅडम. तीच शीतल. त्या जे बोलल्या, ते सुवर्णानं मला जसंच्या तसं सांगितलं.

"आमच्या मुलींच्या घरचे टर्फ आहे का विचारत नाहीत. पोरगी राहणार कुठं, ते विचारतात. मी सांगते, धाराशिवला, माणसांच्या घरात. मग पाठवतात."

त्यानंतर बीडचे सर उठले, मग आणखी दोघं. त्यांच्याही मुलींचं तेच होतं. आम्हाला वाटत होतं की या रीतीचा उपयोग आमच्या पोरींना झाला. पण बाकीच्या जिल्ह्यांतल्या घरांचीही दारं ही रीतच उघडत होती, हे आम्हाला चौदा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. ठराव मागं पडला. यंदा आणि पुढच्या वर्षी स्पर्धा धाराशिवलाच, त्यानंतर पुन्हा बैठक. म्हणजे भांडण संपलेलं नाही. पण आता ते भांडायला माझ्याहून तरणी माणसं आहेत. मी सुवर्णाला शाबास म्हणणार होतो, पण तोंडातून नुसतं 'बरं' आलं. ती म्हणाली, "सर, अप्पांना तुमीच सांगा. सकाळपासनं तीनदा फोन केलाय त्यांनी मला."

मी अप्पांना फोन लावला. सहा संघ आहेत म्हटलं, शिक्षक-पंच धरून नव्वद माणसं धरा. पलीकडं गुरांच्या घंटा वाजत होत्या. अप्पा खाकरले.

"म्या शंभर धरलीत. पाळी बी घालून झाली परवाच. तुमी येताना चुना तेवढा जादा आना, सर. पांडवाला पुरतोय, रेघंला दर साली कमी पडतोय."

मी चपला घातल्या आणि पिशवी घेऊन बाजाराकडं निघालो.